शेवटच्या लॅपला मागची गाडी येतेच कशी? कॉम्प्युटर चीटिंग करतो का?

उत्तरेश्वरचा_पोरगा

नमस्कार मंडळी. दोन प्रश्न आहेत, एकात एक अडकलेले.

आत्याच्या पोराकडं जुना डेस्कटॉप आहे. त्यावर आम्ही एक जुना रेसिंग गेम खेळतो. पहिल्या दोन लॅपमध्ये मी सगळ्यांना इतकं मागं टाकतो की कोपऱ्यातल्या मॅपवर त्यांचे ठिपकेसुद्धा दिसत नाहीत. तिसऱ्या लॅपला एक वळण चुकलं, गाडी कठड्याला घासली, की बास. दोन सेकंदांत तीन गाड्या बंपरला चिकटलेल्या. कुठनं आल्या? उलटंही होतं. मी सुरुवातीलाच आपटलो तर पुढचे सगळे उगाच हळू चालवायला लागतात, जणू मला पकडू द्यायचंय.

आतेभाऊ म्हणतो ही एआय आहे, तुझं ड्रायव्हिंग बघून शिकते. मी म्हणतो चीटिंग आहे. मिसळीची पैज लागलीय, त्यामुळं नीट सांगा.

दुसरं म्हणजे मला कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचाय. गावातला दुकानदार म्हणतो, "एआय लॅपटॉप घे, गेम आपोआप भारी चालतात." साध्यापेक्षा चौदा-पंधरा हजार जास्त. पप्पा म्हणाले, आधी हे काय असतं ते विचारून ये, मग पैशाचं बोल.

पेठेतला_गोलकीपर

चीटिंगच आहे भावा, विषय संपला. फुटबॉलच्या गेममध्ये तर उघड उघड. दोन-शून्यनं पुढं असलो की ८५व्या मिनिटाला माझा डिफेंडर पास सोडतो, गोलकीपर हात वर करून बघत बसतो. शाहू स्टेडियमवर पंच समोर तरी असतो, त्याला शिव्या घालता येतात. इथं कुणाला घालायच्या?

पार्लरकाका

पोरा, तुझं बरोबर आहे आणि तुझ्या आतेभावाचं चूक आहे, पण "चीटिंग" म्हणून गप्प बसण्याएवढं ते सोपं नाही. जरा बैस, सांगतो.

महाद्वार रोडच्या मागच्या बोळात माझं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. आता राजारामपुरीत लॅपटॉप दुरुस्ती करतो, पण तेव्हा जॉयस्टिक दुरुस्त करायचो. 'मुस्तफा' होता माझ्याकडं. त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉमचा, १९९३चा, पण ते नाव कोल्हापुरात कुणाच्या तोंडून मी ऐकलं नाही. आणि 'स्ट्रीट फायटर टू', १९९१चा. रुपयाला एक टोकन.

आता आतली गोष्ट. स्ट्रीट फायटरच्या मशीनचं मागचं फळकूट काढलं की आत बोर्ड, आणि बोर्डावर बारीक खटक्यांच्या पट्ट्या. एकेक खटका तांदळाच्या दाण्याएवढा. नखानं सरकवायचा, नख कापलेलं असलं तर टेस्टरच्या टोकानं. त्यातल्या तीन खटक्यांवर अवघडपणा ठरायचा. तीन खटके, वर नाहीतर खाली, म्हणजे आठ पायऱ्या. समोर पडद्यावर जो गडी तुला बडवतोय, त्यानं किती बडवायचं ते मागं स्टुलावर बसलेला मी ठरवत होतो.

सगळ्यात वरची पायरी ठेवली की पोरं दोन-चार दिवसांत दुसऱ्या पार्लरचा रस्ता धरायची. सगळ्यात खालची ठेवली की एखादा तयार गडी एका टोकनावर अख्खी दुपार काढायचा, मागं दहा पोरं नुसती टाळ्या वाजवत उभी, आणि गल्ल्यात काय? मी मधल्याच्या एक पायरी वर ठेवायचो. मे महिन्यात परीक्षा संपून पाव्हण्यांची नवखी पोरं आली की एक पायरी खाली. शाळा सुरू झाल्या की परत वर. धंदा होता, त्यात लाजायचं काय. पण पोरगं घरी जाताना "उद्या नक्की मारतो ह्याला" म्हणत गेलं पाहिजे, हे मी बघायचो. रडत गेलं तर ते उद्या येत नाही, आणि जिंकून गेलं तरी येत नाही.

आणि तो कॉम्प्युटर हुशार बिशार काही नव्हता. गाईल म्हणून एक गडी आहे त्यात. त्याची उलटी लाथ मारायला आपल्याला जॉयस्टिक क्षणभर खाली दाबून धरावी लागते, मग झटक्यात वर. मशीनचा गाईल ती लाथ उभ्या-उभ्या मारायचा. पोरं बोंबलायची, "काका, ह्यो चीटिंग करतोय!" खरंच होतं त्यांचं. त्याला जॉयस्टिक धरायचीच नव्हती, मग दाबून धरायचा नियम त्याला कशाला?

'शिकतो' म्हणणाऱ्या आतेभावाला पॅकमॅन दाखव. १९८०चा गेम, तोरू इवातानी यांनी केलेला. त्यात चार भुतं. लाल भूत सरळ तुझ्या मागं येतं. गुलाबी भूत तू जिथं आहेस तिथं येतच नाही, तू तोंड करून चालला आहेस त्याच्या चार घरं पुढची जागा धरतं. निळं भूत तू कुठं आणि लाल कुठं, या दोन्हींचा हिशोब करून तिसरीच जागा काढतं. नारिंगी लांबून अंगावर येतं आणि आठ घरांच्या आत आलं की कोपऱ्याकडं पळतं. एवढंच. तुला वाटतं चौघांनी ठरवून घेरलं. ठरवलंय कुणी? चौघांचे चार नियम, एक मागं, एक पुढं, एक बाजूनं, एक लहरी. ४५ वर्षं झाली, त्यातल्या एकाही भुतानं कुणाकडून काही शिकलेलं नाही, तरी माणसं अजून अडकतात.

तुझ्या रेसिंगवाल्या प्रकाराला रबर बँड म्हणतात. तू आणि बाकीच्या गाड्या यांच्यातलं अंतर गेम सतत मोजत असतो. अंतर वाढलं की मागच्यांना जादा वेग, जादा पकड. तू मागं पडलास की पुढच्यांचा पाय थोडा वर. त्या तुझ्या डोळ्यांआड असतात तेव्हा काही गेममध्ये त्या गाड्या नीट चालतसुद्धा नसतात. वळणावर घसरणं, आपटणं हे सगळं तुझ्या डोळ्यांपुढं आल्यावर. 'मारिओ कार्ट' तर हे उघडच करतो, शेवटच्या नंबरला जबरदस्त वस्तू आणि पहिल्याला केळीची साल.

पैज जिंकायची तर एक कर. आतेभावाला शेजारी बसव. दोन लॅप मुद्दाम दुसऱ्या-तिसऱ्या नंबरला राहा, कुणाला लांब टाकू नको, नायट्रो (थोडा वेळ जादा वेग देणारा साठा) जपून ठेव. शेवटच्या सरळ रस्त्याला सगळा सोड. तू आरामात जिंकशील. शिकणारा गडी असता तर दुसऱ्या दिवशी तुला तिथं अडवला असता. हा रोज तसाच हरेल.

लॅपटॉपचं नंतर सांगतो, गिऱ्हाईक आलंय.

करवीरकर_पुण्यात

काका, खटक्याची गोष्ट लई भारी. मी मूळची शाहूपुरीची, पुण्यात मोबाइल गेमच्या टेस्टिंगमध्ये आहे. त्यामुळं थोडं पुढचं सांगते.

तुमचा खटका सगळ्या पोरांना सारखा होता. सकाळी कुणी खेळो, संध्याकाळी कुणी, पायरी तीच. आता खटका प्रत्येक खेळाडूला वेगळा लावता येतो आणि खेळता खेळता सरकवता येतो. ईए या गेम बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी २०१७ मध्ये यावर एक निबंधच प्रसिद्ध केला होता. तीन सारखे रंग जुळवायच्या गेमवर त्यांनी ते करून पाहिलं. माणूस कुठल्या लेव्हलला किती वेळा हरला की गेम कायमचा सोडतो, हे आकड्यांवरून काढायचं आणि त्याच्या आधीच ती लेव्हल त्याच्यासाठी गुपचूप हलकी करायची. तुम्ही जे पोराच्या तोंडाकडं बघून करत होता, तेच, फक्त लाखो तोंडांवर एकदम.

गोलकीपर भाऊ, तुमच्या ८५व्या मिनिटाबद्दल. हा संशय जगभर आहे. २०२०च्या शेवटी कॅलिफोर्नियात ईएवर तिच्या फुटबॉलसारख्या गेमवरून याच मुद्द्यावर खटला झाला होता. कंपनीनं आपली तांत्रिक कागदपत्रं दाखवली, इंजिनियरांशी बोलू दिलं, आणि २०२१ मध्ये खटला भरणाऱ्यांनी तो स्वतःहून मागं घेतला. तंत्र आमच्याकडं आहे पण त्या गेममध्ये वापरत नाही, असं कंपनी सांगते. म्हणजे आजघडीला पुरावा तुमच्या बाजूनं नाही. दोन-शून्यनं पुढं असल्यावर माणूस आळशी पास देतो, हेही एक कारण असू शकतं (रागावू नका).

पबजी मोबाइल २०१८ मध्ये आला तेव्हाचं आठवतंय? गल्लीतला प्रत्येक जण पहिल्याच दिवशी 'चिकन डिनर' (मॅच जिंकल्यावर झळकणारे शब्द) घेऊन नाचत होता. नव्या खेळाडूच्या सुरुवातीच्या मॅचमध्ये समोरचे बरेचसे बॉट, म्हणजे कॉम्प्युटरनं चालवलेले खेळाडू, असायचे. गोळी लागली तरी आडोशाला जायचे नाहीत, उघड्या माळावर थांबून तुमच्याकडं तोंड करायचे, आणि नेम असा की भिंतीला भोकं. माझा धाकटा भाऊ आठवडाभर स्वतःला नेमबाज समजत होता. बॉट कमी व्हायला लागले आणि घरात शांतता झाली.

हुशारी आणि हुशारीचा देखावा यातला फरक मला सगळ्यात चांगला 'फिअर' या २००५च्या गेममध्ये दिसतो. त्यातले सैनिक आजही लोक नावाजतात. ते प्लॅन करतात हे खरं आहे. ध्येय दिलेलं असतं, हाताशी काही कृती असतात, आणि त्या कृती जोडून रस्ता ते स्वतः काढतात. जेफ ऑर्किन यांनी ती पद्धत बसवली. पण खरी गंमत बोलण्यात आहे. सैनिक एकमेकांना ओरडून सांगतात, तो कपाटामागं आहे, मला झाकून धरा, कुमक पाठवा. ऑर्किन यांनी स्वतः लिहिलंय की कुमक मागितल्यावर कुमक आणणारं काहीही प्रोग्रॅममध्ये नाही. खेळणारा पुढच्या खोलीत जातो, तिथं आधीपासूनच ठेवलेले सैनिक भेटतात, आणि त्याला वाटतं, आयला, खरंच बोलावले की! आधी हालचाल ठरते, मग तिला शोभेल असं वाक्य बोललं जातं. आपण मात्र वाक्य आधी ऐकतो आणि त्याला चर्चा समजतो.

आता आतेभावाची बाजू, कारण ती अगदीच पडकी नाही. शिकणारे गडी आहेत. ओपनएआय कंपनीनं 'डोटा टू' या सांघिक गेमसाठी बनवलेला कॉम्प्युटरचा संघ रोज सरासरी २५० वर्षांएवढा खेळ स्वतःशीच खेळून तयार झाला आणि एप्रिल २०१९ मध्ये त्यानं त्या वेळच्या जगज्जेत्या ओजी संघाला हरवलं. रेसिंगमध्ये सोनीचा 'सोफी' आहे, २०२२ मध्ये जाहीर झाला, आता 'ग्रॅन टुरिस्मो ७' मध्ये त्याच्याशी शर्यत लावता येते. तो रबर बँडवर चालत नाही, गाडी खरोखर चांगली चालवतो. पण तो कंपनीत शिकून आलेला असतो, तुमच्या घरी बसून तुमच्याकडून शिकत नाही. खेळणाऱ्याची ढब उचलणारं उदाहरण म्हणजे २००५च्या 'फोर्झा' या रेसिंग गेममधले 'ड्रायव्हटार' नावाचे कॉम्प्युटरचे ड्रायव्हर. तुमच्या जुन्या गेममध्ये यातलं काही असण्याची शक्यता फार कमी. काकांची परीक्षा घेऊन बघा.

उत्तरेश्वरचा_पोरगा

काका, करून बघितलं. दोन लॅप तिसऱ्या नंबरला, शेवटच्या रस्त्याला नायट्रो. जिंकलो. परत केलं, परत जिंकलो. आतेभाऊ आता म्हणतोय "म्हणजे तूच एआयला चीट केलंस, पैज रद्द." ताई, त्याला ते ड्रायव्हटारचं सांगितलं नाही, सांगणारही नाही.

पण खरं सांगू? आता त्या गेममध्ये मजाच राहिली नाही.

तालमीतला

मजा गेली ना? जाणारच. मी या गेम-बिममधला नाही, पुतण्या खेळतो म्हणून इथं वाचतो. पण हे आम्ही लहानपणापासून बघितलंय.

वस्ताद बारक्या पोराबरोबर जोर करतात तेव्हा काय करतात? मनात आणलं तर पहिल्या झटक्यात पोरगं आकाश बघेल. पण ते पोराला पट काढू देतात. पाय धरू देतात, थोडं हलू देतात, पोराला वाटतं आता पडला. मग शेवटाला कलाटणी. पोरगं घरी जाऊन आईला सांगतं, आज वस्तादांना हलवलं. त्याला कुणी चीटिंग म्हणत नाही. त्या पोराला तुमच्यासारखं कुणी बाजूला घेऊन सांगितलं की वस्ताद मुद्दाम हलले, तर उद्या ते पोरगं तालमीत येईल का?

तुमच्या ताईनं सांगितलेलं ते बॉटचं मला म्हणून वाईट वाटत नाही. नव्या पोराला सुरुवातीला दोन कुस्त्या हलक्या द्याव्यातच. खटकतं ते दुसरं. पोरगं हरलं की लगेच "शंभर रुपयाचा पॅक घे, ताकद वाढेल." वस्तादांनी कलाटणी मारल्यावर पोराच्या खिशात हात घातला असता, तर आमच्या तालमीला कुलूप लागलं असतं.

पेठेतला_गोलकीपर

आता कसं बोललात! पॅकचंच तर दुखणं आहे. पॅक फोडायचा, आतनं निघणार काय तर दुसऱ्या फळीतला लेफ्ट बॅक. त्यापेक्षा रंकाळ्यावर भेळ खाल्ली असती.

करवीरकर_पुण्यात

तालमीतले दादा, शंभर टक्के. बेल्जियमनं २०१८ मध्ये असल्या पॅकना, म्हणजे आत काय ते न कळता विकत घ्यायच्या बंद पेट्यांना, जुगार ठरवलं आणि त्यानंतर ईएनं तिथं फुटबॉलच्या गेममध्ये पॅक घ्यायचे पॉइंट पैशानं विकणं थांबवलं. आपल्याकडं २०२५च्या ऑगस्टमध्ये कायदा झाला तो पैसे लावून खेळायच्या गेमवर. पॅक हा त्याहून निसरडा प्रकार आहे, कारण पैसे आत जातात पण बाहेर येत नाहीत. त्यामुळं "हा जुगारच नाही" म्हणायला कंपन्या मोकळ्या.

एका गोष्टीवर मात्र मी सहमत नाही. अवघडपणा लपवून बदलायची गरज नसते. मेनूमध्ये "मागं पडल्यावर मदत: चालू / बंद" एवढा एक पर्याय द्यावा. उत्तरेश्वरच्या भावानं तो बंद केला असता आणि रबर बँडशिवाय खेळला असता. बऱ्याच रेसिंग गेममध्ये असा पर्याय असतोही, कुणी सेटिंग उघडून बघत नाही एवढंच.

पार्लरकाका

ताई, पर्याय दिला की पोरं तो चालूच ठेवतात आणि मित्रांना बंद आहे म्हणून सांगतात. पण असू दे, असावा.

आता लॅपटॉप. सध्या प्रत्येक वस्तूवर एआयचा स्टिकर आहे. वॉशिंग मशीनवर आहे, एसीवर आहे. परवा एक गिऱ्हाईक विचारत होतं, काका, घरघंटीत बसवून मिळतो का.

लॅपटॉपवर एआय लिहिलेलं असतं तेव्हा बहुतेक वेळा आत एनपीयू नावाचा वेगळा भाग असतो. मायक्रोसॉफ्टनं मे २०२४ मध्ये 'कोपायलट प्लस पीसी' जाहीर केले, त्यासाठी त्या भागाची ताकद निदान ४० टॉप्स (सेकंदाला किती हिशोब होतात त्याचं माप) आणि रॅम निदान १६ जीबी पाहिजे असा नियम केला. त्याचं काम काय? व्हिडिओ कॉलवर मागचा पसारा धूसर करणं, बोललेलं लिहून दाखवणं, चित्र साफ करणं, ते पण फार बॅटरी न खाता. चांगलं आहे. पण गेम त्याला सहसा हात लावत नाही. तुझ्या रेसिंगमधल्या गाड्या साध्या प्रोसेसरवर चालतात, त्यांना एनपीयू आहे की नाही याचा पत्ताही नसतो.

गेममध्ये एआय कामाला येतो तो ग्राफिक्स कार्डात, म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणाऱ्या भागात. एनव्हिडियाचं डीएलएसएस, २०१८ पासून. चित्र लहान आकारात काढायचं आणि मोठं करताना सुबक करायचं, त्यामुळं बारक्या कार्डावरही गेम पळतो. ते खरंच उपयोगाचं. पुढं त्यात मधल्या फ्रेम (पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रं) स्वतःच तयार करायची सोय आली. तिथं सावध राहा. कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा दुप्पट दिसतो, डोळ्यांना गुळगुळीत वाटतं, पण तू बटण दाबल्यावर गाडी वळायला लागणारा वेळ काही कमी होत नाही. मुळात सेकंदाला ३० फ्रेम पडत असतील तर पडद्यावर ६० दिसल्या तरी हाताला ३०च लागतात.

त्यामुळं दुकानात एआय आहे का हे विचारू नको. ग्राफिक्स कार्ड वेगळं आहे का ते विचार. आहे म्हणाला तर ते किती वॅटवर चालतं ते विचार. एकाच नावाचं कार्ड, आरटीएक्स ४०५० धर, कंपनी ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीवरही बसवू शकते. पातळ, देखण्या लॅपटॉपमध्ये कमी वॅटवालं असतं, आणि स्टिकर दोन्हीवर तोच. दुकानदारानं "वॅट कसले?" म्हणून विचारलं तर चहा पिऊन ये, खरेदी करू नको.

रॅमचं जरा जास्त बघ. २०२५च्या शेवटापासून रॅम भयंकर महागलीय, एआयच्या मोठमोठ्या डेटा सेंटरांनी माल उचललाय. रॅम बनवणाऱ्या मायक्रॉननं तर सर्वसामान्य गिऱ्हाइकासाठीचा 'क्रुशियल' ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. म्हणजे तुझ्या लॅपटॉपवर एआयचा स्टिकर नसला तरी एआयची किंमत तू भरतोच आहेस. "आता आठ जीबी घे, नंतर वाढव" हा सल्ला मी वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना द्यायचो, सध्या देत नाही. सोळाच घे. ती एकाच काडीत आहे की आठ-आठच्या दोन काड्यांत, तेही विचार, दोन असतील तर गेमला फरक पडतो. काही मॉडेलमध्ये रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, ती पुढं बदलता येत नाही.

दुकानदार झाकण उघडून दाखवणार नाही. खालच्या बाजूला बारीक अक्षरात पूर्ण मॉडेल नंबर असतो, त्याचा फोटो काढून इथं टाक. पैसे भरायच्या आधी.